नव्वद दिवसांची हमी आणि दिवाळी : एका शिक्षक-भरती सेवेचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, तालुक्याच्या गावापासून बऱ्याच आत, आमच्या संस्थेची पहिली ते आठवीची स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे. पटावर २१४ मुले आहेत. त्यांपैकी १३२ पहिली ते पाचवीत आणि ८२ सहावी ते आठवीत शिकतात. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिल्या गटाला पाच शिक्षक लागतात. दुसऱ्या गटात वर्गाला किमान एक शिक्षक हवा आणि तोही गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा हे तिन्ही विषय सांभाळले जातील अशा बेताने. या आठांपैकी पाच जागा मार्च २०२५ मध्ये एकदम रिकाम्या झाल्या. दोघांची निवड पवित्र पोर्टलवरून (शासनाच्या शिक्षक-भरतीच्या संकेतस्थळावरून) जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, ज्याचा आम्हांला आनंदच आहे, आणि उरलेले तिघे वय, लग्न आणि स्पर्धा परीक्षा या तीन नेहमीच्या कारणांनी गेले. आजवर अशी वेळ आली की आम्ही यवतमाळच्या वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात देत असू आणि ओळखीपाळखीतून माणूस शोधत असू. या वेळी पाच जागा आणि अडीच महिने असे गणित असल्यामुळे कार्यकारिणीने प्रथमच पुण्यातील एका खासगी शिक्षक-भरती सेवेला काम दिले. या सेवेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण आम्ही अशा तीन सेवांचे करारनामे मागवून पाहिले होते आणि महत्त्वाची कलमे तिन्हींत जवळपास सारखीच होती. जे पुढे सांगणार आहे ते त्या कलमांविषयी आहे.

सेवेचे शुल्क प्रत्येक नियुक्तीमागे एक महिन्याचे वेतन आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असे होते. आरंभी आम्ही बारा हजार रुपये वेतन सुचवले होते. त्यावर सेवेच्या समन्वयक बाईंनी फोनवर अतिशय सौम्यपणे सांगितले की, अनुदानित शाळेतील शिक्षण सेवकालाही (सुरुवातीची काही वर्षे ठरावीक मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकालाही) जानेवारी २०२३ पासून प्राथमिक स्तरावर १६,००० रुपये मानधन मिळते, तेव्हा बारा हजारांत आडगावी येणारा उमेदवार एक तर नाइलाजाने येईल किंवा दुसरीकडे बोलावणे येईपर्यंत थांबेल. हे ऐकायला कडू होते, पण खरे होते. आम्ही पहिली ते पाचवीसाठी १६,००० आणि सहावी ते आठवीसाठी १८,००० रुपये ठरवले. पाच नियुक्त्यांचे शुल्क करासह ९९,१२० रुपये झाले. लाखाला ८८० रुपये कमी, एवढेच समाधान. ही सगळी रक्कम शिक्षक रुजू झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायची होती. करारातील या ‘रुजू’ शब्दाकडे मी तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही.

कागदपत्रांच्या कामात या सेवेला नावे ठेवण्यास फारशी जागा नाही, आणि ज्यांना स्वतः भरती करताना हे काम करावे लागले आहे त्यांना त्याची किंमत कळेल. आमच्याकडे एकूण ६१ अर्ज आले. त्यांतील २३ त्यांनी पात्रतेवरच बाजूला काढले आणि प्रत्येकापुढे कारण लिहून दिले. बहुतेक अर्ज प्राथमिक जागांसाठी आलेल्या बी.एड.धारकांचे होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही अर्हता चालत नाही आणि डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) लागते, ही गोष्ट अजूनही अनेक उमेदवारांना, आणि खोटे कशाला बोला, आमच्या कार्यकारिणीतील निम्म्या सदस्यांनाही ठाऊक नव्हती. टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, प्रमाणपत्रे त्यांनी केवळ झेरॉक्सवरून मान्य केली नाहीत. २०१९-२० च्या टीईटीतील गैरप्रकार उघड झाल्यानंतर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने सात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक, म्हणजे त्या परीक्षेतील निकाल, रद्द केली होती, त्या यादीशी प्रत्येक नाव ताडून पाहिल्याचा शेरा त्यांनी फाइलवर दिला. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ पासून शाळांतील कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीच्या पडताळणीबाबत जी कडक भूमिका आली आहे तिला अनुसरून चारित्र्य पडताळणीचे अर्जही त्यांनीच भरून घेतले. आमच्या कार्यालयात एक लिपिक, एक संगणक आणि दुपारी जाणारी वीज आहे. हे काम आम्हांला महिनाभरात झाले नसते.

एक गफलत मात्र झाली आणि तिचे मूळ त्यांच्या माहितीपत्रकात होते. ‘अमेरिकेतील चार्टर शाळांच्या धर्तीवर शिक्षकनिवड’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, परंतु स्वतंत्र मंडळाने सनदेप्रमाणे (ठरलेल्या मुदतीच्या कराराप्रमाणे) चालवलेली शाळा. तिचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला आणि पहिली शाळा तेथेच सेंट पॉल शहरात १९९२ मध्ये सुरू झाली. अशा शाळेला आपले शिक्षक आपण निवडण्याची मोकळीक असते, काही राज्यांत शिक्षकांच्या परवान्याच्या अटीही सैल असतात, आणि त्या बदल्यात ठरल्याप्रमाणे काम न झाल्यास सनदेचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते. आमची गोष्ट उलटी आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली आम्हांला सरकारचा एक रुपया मिळत नाही आणि शिक्षकाच्या पात्रतेत एका बोटाचीही सूट नाही. हा फरक माहितीपत्रकापुरता राहिला असता तर मी त्याचा उल्लेखही केला नसता. परंतु त्यांच्या संगणकावरील अर्जात तिकडच्याप्रमाणे ‘एलिमेंटरी’ (साधारण पाचवीपर्यंत) आणि ‘मिडल’ (त्यापुढे आठवीपर्यंत) असे दोन रकाने होते. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यात ‘एलिमेंटरी’चा अर्थ पहिली ते आठवी असा आहे आणि डी.एल.एड. या पदविकेच्या नावातही तोच शब्द आहे. परिणामी सहावी ते आठवीच्या जागेसाठी बारावी, डी.एल.एड. आणि टीईटीचा केवळ पहिला पेपर उत्तीर्ण असलेले दोन उमेदवार आमच्याकडे पाठवले गेले. त्या वर्गांसाठी पदवी आणि दुसरा पेपर लागतो. गणित-विज्ञानाच्या जागेसाठी आलेल्या एका उमेदवाराने दुसरा पेपर सामाजिक शास्त्र घेऊन दिला होता. चूक दाखवल्यावर त्यांनी दोन दिवसांत सुधारली आणि दिलगिरीही व्यक्त केली.

आता निवडीकडे येतो, कारण या सेवेचे खरे मोजमाप तेथे होते.

त्यांची पद्धत अशी की, उमेदवार घरी बसून दहा मिनिटांचा पाठ चित्रित करतो, त्यांचे परीक्षक त्याला शंभरपैकी गुण देतात आणि गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी आपल्याकडे येते. आम्हांला पंधरा जणांची यादी आली. पाठ पाहिले. सगळे नीटनेटके होते, उजेड चांगला होता, फळ्याऐवजी रंगीत पडदा होता, आणि समोर एकही मूल नव्हते. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी तेथेच सांगितले की, मुलाशिवाय घेतलेल्या पाठावरून शिक्षक निवडणे म्हणजे बैल न जुंपता वखर पारखण्यासारखे आहे. आम्ही आग्रह धरला की उमेदवारांनी गावात येऊन आमच्या मुलांपुढे पाठ घ्यावा. सेवेने हे करारात नसल्याचे सांगितले, प्रवासखर्च आम्ही सोसणार असल्याचे लेखी घेतले आणि मग मान्यता दिली.

बोलावण्याआधी आम्ही आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते सबंध भरतीत आम्ही केलेले हेच सर्वांत शहाणपणाचे काम होते. गावाची खरी माहिती एका पानावर लिहून आम्ही प्रत्येकाला पाठवली. सेवेच्या अर्जात वेतन, पद, वर्ग आणि ‘कामाचे ठिकाण : यवतमाळ’ एवढेच होते, आणि ते वाचून कोणाचीही समजूत आपण जिल्ह्याच्या ठिकाणी राहणार अशीच होईल. आमच्या पानावर असे लिहिले होते की, घाटंजीहून गावाकडे येणारी शेवटची एसटी संध्याकाळी साडेसहाला आहे. खोली दीड हजारात मिळते, शौचालय आहे, परंतु मे महिन्यात पाणी टँकरचे. मोबाइलला रेंज पाहिजे असल्यास मारुतीच्या पारावर यावे लागते. वर्गात वऱ्हाडी बोलणारी मुले आहेत, तशीच घरी कोलामी आणि बंजारा बोलणारीही आहेत. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत पटावरची मुले आणि बाकावरची मुले यांचा आकडा जुळत नाही. पंधरांपैकी सात जणांनी हे पान वाचून नकार कळवला. समन्वयक बाईंना ते फारसे रुचले नाही. आम्ही उमेदवार पळवून लावत आहोत असा त्यांचा सूर होता. जो माणूस पान वाचून मे महिन्यात नाही म्हणतो, तो जुलैमध्ये न सांगता निघून जाण्यापेक्षा शतपटीने बरा, हे त्यांना पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आठ जण आले. सुटीचे दिवस असूनही गावातील चौदा मुले सकाळी आठला शाळेत हजर होती, अर्थात त्यामागे मुख्याध्यापिका बाईंनी जाहीर केलेल्या आइसकांडीचा हात होता. प्राथमिकच्या उमेदवारांना एकच पाठ दिला होता : हातच्याची वजाबाकी. फळ्यावर ४३ वजा १७ हे उदाहरण मांडायचे. हे उदाहरण बाईंनी विचारपूर्वक निवडले होते. दुसरी-तिसरीतील बरीच मुले त्याचे उत्तर ३४ काढतात, कारण मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढेच त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. चारातून एक गेला तीन, सातातून तीन गेले चार. आम्हांला शिक्षकाचे बरोबर उत्तर पाहायचे नव्हते, मुलाच्या ३४ वर शिक्षक काय करतो ते पाहायचे होते.

सेवेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या उमेदवाराने ३४ ऐकताच ‘चूक, दुसरे कोण सांगेल?’ असे विचारले आणि बरोबर उत्तर मिळेपर्यंत वर्गभर विचारत गेला. एका मुलीने ‘मले येते’ असे म्हटल्यावर त्याने आधी ‘मला येते, असे म्हण’ अशी दुरुस्ती केली. मुलगी खाली बसली आणि पाठ संपेपर्यंत तिने तोंड उघडले नाही. यादीत अकराव्या क्रमांकावर असलेल्या एका बाईंनी ३४ हे उत्तर फळ्यावर तसेच लिहू दिले आणि मुलाला बाहेर पडलेल्या पऱ्हाट्या आणायला सांगितले. कापूस निघून गेल्यावर उरलेल्या या काटक्या आमच्याकडे चुलीसाठी प्रत्येक घराच्या मागे रचलेल्या असतात. दहा-दहांच्या चार पेंढ्या आणि सुट्या तीन काड्या मुलांनी स्वतः मांडल्या. आता यातून सतरा दे, असे बाई म्हणाल्या. सुट्या तीनच आहेत, सात कोठून देऊ, असे म्हणून मुलगा थांबला, आणि मग कोणी न सांगता त्याने एक पेंढी सोडली. ‘बाई, चौतीस नाई उरत,’ असे तो स्वतःच म्हणाला. त्या बाई बुलढाणा जिल्ह्यातील आहेत आणि आज आमच्या तिसरीच्या वर्गशिक्षिका आहेत. सेवेने त्यांना कमी गुण का दिले म्हणून मी विचारले, तेव्हा चित्रीकरणात आवाज अस्पष्ट होता असे उत्तर मिळाले.

सहावी ते आठवीच्या पाठांविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. गणित-विज्ञानाचा उमेदवार स्वच्छ शिकवणारा होता, सेमी इंग्रजीच्या पुस्तकातील शब्द मराठीतून उलगडून सांगत होता आणि मुलांना प्रश्न विचारू देत होता. त्याच्याबद्दल कोणाचे दुमत झाले नाही. भाषेच्या जागेसाठी दोन उमेदवारांवरून आमच्यात बराच वाद झाला. अखेर नाशिककडील एका तरुण बाईंची निवड झाली, कारण त्यांचे वाचन उत्तम होते. एकूण निवडलेल्या पाचांपैकी दोघेच सेवेच्या क्रमवारीत पहिल्या पाचांत होते.

वेळापत्रकाचाही एक किस्सा नोंदवतो. सेवेने पाचही नियुक्तिपत्रांत रुजू होण्याचा दिनांक १६ जून असा घातला होता. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, २०२५ मध्ये त्या २३ जूनला उघडल्या, हे पुण्यातील कार्यालयाच्या गावीही नव्हते. पत्रे बदलून घेतली. बदलली नसती तर हमीचा कालावधीही आठवड्याने अलीकडे सरकला असता.

त्या हमीविषयी आता लिहिले पाहिजे. करारानुसार नियुक्त शिक्षक रुजू झाल्यापासून नव्वद दिवसांत सोडून गेल्यास सेवा दुसरा शिक्षक विनाशुल्क देते. प्राथमिकच्या एका शिक्षकाला जुलैमध्ये दुसरीकडे अनुदानित शाळेत जागा मिळाली. त्याने रीतसर कळवले, आणि सेवेने बारा दिवसांत बदली शिक्षक दिला, तोही कागदोपत्री निर्दोष. याबद्दल त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. जुन्या पद्धतीने आम्हांला पोळ्यापर्यंत तो वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडून बसवावा लागला असता.

परंतु २३ जूनपासून नव्वद दिवस मोजले तर ते २१ सप्टेंबरला संपतात. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. ज्यांनी आडगावात शाळा चालवली आहे त्यांना यापुढचे सांगावे लागणार नाही. बाहेरगावचा शिक्षक पावसाळा काढतो, गणपती काढतो, पहिल्या सत्राची परीक्षा घेतो, आणि दिवाळीला घरी जातो. घरी आई-वडील विचारतात, सासर ठरवायचे असते, जवळच्या शहरात एखादी जागा निघालेली असते. तो परत येतो की नाही ते सुटी संपल्यावरच कळते. आमच्या भाषेच्या बाई परत आल्या नाहीत. शाळा उघडली त्या दिवशी सकाळी ‘घरचे नको म्हणतात’ असा तीन शब्दांचा निरोप आला. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे कायम नसलेल्या कर्मचाऱ्याने नोकरी सोडताना एक महिन्याची सूचना द्यावयाची असते. परंतु त्यासाठी विशीतल्या मुलीमागे पत्रव्यवहार करण्याची आमची इच्छा नव्हती. त्यांचा रागही नाही. एकटीने पावसाळ्याचे चार महिने काढणे सोपे नाही आणि शेजारच्या खोलीतील सोबतीण सप्टेंबरमध्ये गाव सोडून गेली होती. सेवेला कळवले, तेव्हा हमी संपली असून नव्या नियुक्तीसाठी नवे शुल्क लागेल असे एका ओळीचे उत्तर आले. कराराप्रमाणे ते चुकीचे नव्हते.

ती जागा आम्ही नोव्हेंबरअखेर भरली. घाटंजीच्या आठवडी बाजारात आणि एसटी स्थानकावर आम्ही हस्तपत्रके वाटली होती. ते पत्रक वाणसामानाच्या पिशवीतून शेजारच्या गावात एका घरी पोहोचले. तेथील सूनबाई मराठीच्या पदवीधर, डी.एल.एड. झालेल्या आणि टीईटीचे दोन्ही पेपर उत्तीर्ण आहेत. चार वर्षे घरीच होत्या. आपला परिचय टंकलिखित करून ई-मेलने पाठवावा लागतो म्हणून त्यांनी कधी कोठे अर्जच केला नव्हता. सेवेच्या ६१ अर्जांत आमच्या तालुक्यातील एकही नाव नव्हते, ही गोष्ट आम्हांला तेव्हा प्रथमच जाणवली. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या भागांत पदविका घेऊन घरी बसलेल्या स्त्रिया किती आहेत हे मला सांगता येणार नाही, पण आमच्या पंचक्रोशीतच नंतर आणखी तीन निघाल्या.

सेवेची आणखी एक बाजू चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरवली आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे त्यांना दोन वर्षांची मुदत दिली, तेव्हा गावोगाव नाना अफवा उठल्या होत्या. सेवेने चौथ्या दिवशी निकालाचा दोन पानांचा सोप्या मराठीतील सारांश पाठवला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आमच्या दोन जुन्या शिक्षिकांची झोप उडाली होती. तो वाचून त्यांपैकी एकीला, जिची नोकरी तीनच वर्षे उरली आहे, आपली नोकरी सुरक्षित असल्याचे कळले आणि दुसरीने अभ्यासाची पुस्तके मागवली.

ताऱ्यांत सांगायचे तर पडताळणीला मी पाचपैकी साडेचार देईन, वेगाला चार, आणि निवडीला दोनाहून अधिक देता येणार नाहीत. ज्या शाळा शहरात किंवा तालुक्याच्या गावी आहेत त्यांचा अनुभव यापेक्षा बरा असेल, कारण तेथे शिक्षक राहील का, हा प्रश्न शिक्षक शिकवेल का, या प्रश्नाइतका मोठा नसतो.

येत्या जूनसाठी आमच्या दोन जागा निघणार आहेत आणि आम्ही याच सेवेला पुन्हा विचारले आहे. या वेळी आम्ही करारात चार बदल सुचवले. कामाच्या ठिकाणी जिल्ह्याऐवजी गावाचे नाव आणि आमचे ते पान अर्जासोबत जोडले जावे. चित्रित पाठाचे गुण आम्हांला आधी कळवू नयेत. हस्तपत्रकातून आलेल्या स्थानिक उमेदवारांचीही पडताळणी त्यांनी करावी आणि त्यासाठी निम्मे शुल्क घ्यावे. शुल्काचा अर्धा भाग रुजू झाल्यावर आणि उरलेला १ डिसेंबरला, शिक्षक वर्गावर असल्यास, देण्यात यावा. पहिले तीन त्यांनी मान्य केले आहेत. चौथ्यावर समन्वयक बाईंनी १५ नोव्हेंबर हा दिनांक सुचवला असून त्यावर बोलणे चालू आहे.